छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल कसं फॉलो करावं: नेस्कॅक आणि यूएएच्या नव्या चाहत्यांसाठी

बॉस्टन, हार्टफर्ड, पिट्सबर्ग, सेंट लुईस, अटलांटा या गावांत आता मराठी घरं भरपूर आहेत. मार्च आला की ऑफिसातल्या ब्रॅकेटमध्ये ड्यूक आणि कॅन्ससची नावं आपणही भरतो. पण घरापासून दहा-वीस मिनिटांवरच्या छोट्या कॉलेजात जानेवारीच्या शुक्रवारी संध्याकाळी जो सामना असतो, तो आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेला असतो. कोणी गेलंच तर प्रश्न पडतात. बारा सामने जिंकलेला संघ आठ जिंकलेल्याच्या खाली कसा? कॉन्फरन्सची (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) अंतिम फेरी हरलेला संघ तरी पुढे गेला, मग दुसरा घरी का बसला? ‘आमच्याकडे येतोय’ म्हणून गाजलेला मुलगा नोव्हेंबरच्या यादीत कुठे दिसत का नाही?

मी नेस्कॅक आणि यूएए ही दोन कॉन्फरन्सेस बरीच वर्षं मनापासून फॉलो करतो. नव्या माणसाचा गोंधळ नेमका कुठे होतो ते आता माहीत झालंय, म्हणून त्याच क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो: इथे सगळं कॉलेजच्या अभ्यासाच्या वेळापत्रकावर चालतं. सामने कोणत्या वारी, प्रवास किती, खेळाडू कधी पक्का होतो, हे सगळं तिथूनच ठरतं.

१. डिव्हिजन थ्री म्हणजे काय, ते आधी पक्कं करा

एनसीएए या कॉलेज खेळांच्या अमेरिकी संघटनेने 1973 मध्ये कॉलेजांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागात आज सव्वाचारशेहून जास्त कॉलेजं आहेत, म्हणजे कॉलेजांच्या संख्येने हाच सगळ्यात मोठा विभाग. पुरुष बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा इथे 1975 पासून होते.

मुख्य फरक एकच: डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर किंवा अभ्यासातल्या गुणवत्तेवर. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, बोडन ही कॉलेजं तर फक्त गरजेवर मदत देतात. रिक्रूटिंग, म्हणजे कॉलेजने नवे खेळाडू निवडणं, समजून घेताना हे वाक्य सतत डोक्यात ठेवा.

खेळाचा दर्जा कमी असेल असं समजून जाऊ नका. ग्रेग पॉपोविच एनबीएच्या सॅन अँटोनियो संघाकडे जाण्याआधी कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या डिव्हिजन थ्री संघाचे कोच होते. पुढे बॉस्टन सेल्टिक्सचे कोच झालेले ब्रॅड स्टीव्हन्स इंडियानातल्या डीपॉ युनिव्हर्सिटीकडून खेळले. अ‍ॅमहर्स्टचे डेव्ह हिक्सन चार दशकांहून जास्त काळ त्याच बेंचवर होते, आणि 2023 मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

२. एक कॉन्फरन्स निवडा, सगळा देश नको

चारशे संघांचा माग ठेवणं कुणालाच जमत नाही. एक कॉन्फरन्स धरा आणि एक पूर्ण मोसम तिच्यासोबत काढा. मी ज्या दोन सुचवतो त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

नेस्कॅकमध्ये न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क राज्यातली अकरा कॉलेजं आहेत: अ‍ॅमहर्स्ट, बेट्स, बोडन, कोल्बी, कनेटिकट कॉलेज, हॅमिल्टन, मिडलबरी, ट्रिनिटी, टफ्ट्स, वेस्लियन आणि विल्यम्स. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळतो, म्हणजे कॉन्फरन्सचे सामने फक्त दहा. त्यानंतर कॉन्फरन्सची बाद फेरी. सगळा प्रवास बसने.

यूएएमध्ये आठ विद्यापीठं आहेत: ब्रँडाइस, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, शिकागो, एमरी, एनवाययू, रॉचेस्टर आणि सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. यातली बरीच नावं मराठी घरांत मास्टर्सच्या अर्जांमुळे आधीच पाठ असतात. इथे प्रत्येकाशी दोनदा सामना, एकूण चौदा. अटलांटा ते बॉस्टन, शिकागो ते न्यूयॉर्क असा विमानाचा प्रवास. आणि या कॉन्फरन्समध्ये शेवटी बाद फेरीच नसते. चौदा सामन्यांनंतर जो वर, तो विजेता. त्यामुळे जानेवारीत हरलेला एक सामना फेब्रुवारीच्या शेवटपर्यंत छळतो.

कोणती घ्यावी? गाडीने जाता येईल ती. अंतर सारखंच असेल तर नव्या माणसाने नेस्कॅकपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण दहाच सामने असल्याने चित्र लवकर कळतं. 2025 ची राष्ट्रीय अंतिम फेरी फोर्ट वेनला याच दोन कॉन्फरन्समध्ये झाली, ट्रिनिटी विरुद्ध एनवाययू. ट्रिनिटी जिंकलं.

३. हाताशी काय हवं

- कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स पानावरचं वेळापत्रक, फोनच्या कॅलेंडरला जोडून. बर्फामुळे सामन्यांच्या वेळा ऐन वेळी बदलतात आणि ते आधी तिथेच कळतं.
- त्या वर्षाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, शक्यतो छापून. खेळाडूचं वर्ष, उंची, गाव आणि आधीची शाळा त्यात असते.
- कॉन्फरन्सचा गुणतक्ता.
- लाइव्ह स्टॅट्सचं पान आणि व्हिडिओची लिंक. बऱ्याच कॉलेजांचं प्रक्षेपण फुकट असतं. काही कॉन्फरन्सेसनी मात्र ते फ्लोस्पोर्ट्ससारख्या पैसे घेणाऱ्या सेवेला दिलंय, तेव्हा वर्गणी भरण्याआधी तपासा.
- डी३हूप्स ही साइट. देशभरचे निकाल आणि पहिल्या पंचवीस संघांची यादी तिथे मिळते.
- रिक्रूटिंगसाठी एक साधी एक्सेल शीट. तिचे रकाने पुढे सांगतो.

नाशिक-पुण्याहून आजी-आजोबांना किंवा मित्रांना सामना पाहायचा असेल तर हिवाळ्यात पूर्व किनाऱ्याच्या वेळेशी साडेदहा तासांचं अंतर धरा (शिकागो, सेंट लुईसला साडेअकरा). शुक्रवारी संध्याकाळी सातचा सामना तिकडे शनिवारी पहाटे साडेपाचला दिसतो, तो जमतो. शनिवारी दुपारी तीनचा सामना तिकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता.

४. गुणतक्ता वाचायला शिका

तक्त्यात दोन नोंदी असतात: कॉन्फरन्सच्या आणि एकूण. क्रम लागतो तो फक्त कॉन्फरन्सच्या नोंदीवर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांविरुद्ध मिळवलेले विजय इथे मोजत नाहीत. बारा विजयांचा संघ खाली का, याचं उत्तर हे.

सापळे तीन आहेत.

पहिला: अ‍ॅमहर्स्ट, वेस्लियन आणि विल्यम्स यांना मिळून ‘लिटल थ्री’ म्हणतात. मेन राज्यातल्या कोल्बी, बेट्स आणि बोडन यांचंही असंच त्रिकूट आहे. या जुन्या वैरामुळे ते कधी कधी एकाच मोसमात दोनदा भेटतात, पण कॉन्फरन्सचा सामना त्यातला एकच. वेळापत्रकात कॉन्फरन्सच्या सामन्यापुढे खूण असते. ती पाहिल्याशिवाय हिशेब करू नका.

दुसरा: नोव्हेंबरमध्ये काही संघ डिव्हिजन वनच्या मोठ्या विद्यापीठाशी सराव सामना खेळतात. तो चाळीस गुणांनी हरला तरी त्याचा कशावरच परिणाम होत नाही.

तिसरा: बरोबरी. दोन संघांचे विजय सारखे झाले की सहसा आधी आपसातला निकाल पाहतात. नेस्कॅकमध्ये एकदाच खेळायचं असल्याने तो सामना कुणाच्या कोर्टवर झाला याला फार महत्त्व येतं. वेळापत्रक हातात आलं की पहिलं काम हे करा: तुमच्या संघाला वरच्या तीन-चार संघांपैकी कोण घरी मिळतंय आणि कुणाकडे जायचंय, ते लाल पेनने खुणा करून ठेवा. नेस्कॅकमध्ये वरचा क्रमांक मिळाला की बाद फेरीचा सामनाही घरच्या कोर्टवर होतो, म्हणून हे महत्त्वाचं.

५. शुक्रवार-शनिवार जिममध्ये जाऊन पाहा

नेस्कॅकचे सामने बहुतेक लागोपाठ दोन दिवस होतात, म्हणजे मुलांचे वर्ग बुडत नाहीत. यूएएमध्ये शुक्रवार आणि रविवार, कारण मधला दिवस विमानात जातो.

शक्य असेल तर नेस्कॅकचा शनिवारचा सामना चुकवू नका. आदल्या रात्री पस्तीस मिनिटं खेळलेला गार्ड दुसऱ्या दिवशी दुपारी कसा धावतो ते पाहण्यासारखं असतं. पहिल्या हाफमध्ये कळत नाही. शेवटच्या आठ मिनिटांत त्याचे लांबचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडायला लागतात, कारण पायांत जोर उरलेला नसतो. बेंचवर येऊन बसला की ट्रेनर न सांगता गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधतो. चांगला कोच हे ओळखून शुक्रवारीच नवव्या-दहाव्या खेळाडूला चार-चार मिनिटं देतो. तेव्हा शुक्रवारी कोण किती मिनिटं खेळलं हे पाहून ठेवा, शनिवारचा निकाल निम्मा तिथेच कळतो.

जिम लहान असतात. टफ्ट्सचं कझन्स, विल्यम्सचं चँडलर, अ‍ॅमहर्स्टचं लफ्रॅक, मिडलबरीचं पेपिन. तुम्ही कोर्टपासून चार पावलांवर बसता, कोचचं बोलणं ऐकू येतं, आणि विद्यार्थ्यांची गर्दी जमली की पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीला भरत नाट्य मंदिरात जो आवाज उठतो तसाच आवाज उठतो. बऱ्याच ठिकाणी साध्या सामन्याला तिकीटच नसतं. अर्धा तास आधी पोहोचा आणि पाहुण्यांचं पार्किंग कुठे आहे ते कॉलेजच्या नकाशावर बघून निघा. फेब्रुवारीत चुकीच्या जागी लावलेली गाडी बर्फ काढणाऱ्यांना अडते आणि उचलून नेतात.

सामना संपला की बऱ्याच कॉलेजांत खेळाडूंचे आईवडील बाहेरच्या पॅसेजमध्ये टेबलं लावतात. फॉइलच्या ट्रेमध्ये पास्ता, सँडविच, संत्री. ते आधी मुलांसाठी आहे. त्यांनी घेतल्यावर तुम्हालाही आग्रहाने बोलावतात. तिथे उभं राहून पालकांशी बोलल्यावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याच साइटवर मिळत नाही. मात्र मुलाच्या दुखापतीबद्दल तिथे जे कानावर येतं ते बाहेर कुठे लिहू नका.

६. बॉक्स स्कोअरमध्ये काय बघायचं

बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता. त्यात गुण कुणाचे किती हे सगळेच बघतात. ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने 20 नोव्हेंबर 2012 रोजी एकट्याने 138 गुण केले. तो एका वेगळ्याच, सतत तीन-पॉइंटर मारण्याच्या पद्धतीचा परिणाम होता. त्यावरून विभागाचा अंदाज बांधू नका.

तुम्ही चार आकडे बघा: टर्नओव्हर (चेंडू गमावणं), आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं), फ्री थ्रो किती मिळाले आणि प्रत्येकाची मिनिटं. पुरुषांचा कॉलेज सामना वीस मिनिटांचे दोन हाफ असा असतो, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्याची मुदत, तीस सेकंदांचा. एका हाफमध्ये विरुद्ध संघाचे सात फाऊल झाले की फ्री थ्रो सुरू होतात. हे किती लवकर होतं ते टिपा. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. उंच खेळाडू एक-दोनच असलेल्या छोट्या संघांचे सामने तिथेच फिरतात.

७. मार्च: कोण आत, कोण घरी

राष्ट्रीय स्पर्धेत 64 संघ असतात. प्रत्येक पात्र कॉन्फरन्सचा विजेता थेट आत. उरलेल्या जागा थोड्याच, आणि त्या 2024-25 पासून एनपीआय नावाच्या आकड्यावरून ठरतात. त्यात तुमचे जय-पराजय, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, सामना घरी होता की बाहेर आणि बलवान संघाला हरवलंत का, हे सगळं येतं. फक्त डिव्हिजन थ्रीच्या संघांविरुद्धचे सामने धरले जातात.

कॉन्फरन्सची अंतिम फेरी हरूनही एक संघ आत आणि दुसरा बाहेर का, ते इथे समजतं. नोव्हेंबरमध्ये कोचने अवघड सामने मागून घेतले असतील तर फेब्रुवारीत ते उपयोगी पडतात.

पहिल्या दोन फेऱ्या चार-चार संघांच्या गटाने एका कॉलेजच्या जिममध्ये होतात, आणि गट करताना बसने येता येईल असे संघ शक्यतो एकत्र घेतात. त्यामुळे न्यू इंग्लंडचे संघ लवकर एकमेकांसमोर येतात. चाहत्यांसाठी दोन सूचना: या सामन्यांना तिकीट लागतं, एरवी फुकट असलेल्या जिममध्येसुद्धा, आणि ढोलकी, भोंगे वगैरे आत नेता येत नाहीत.

८. रिक्रूटिंग: प्रवेशाचं कॅलेंडर समोर ठेवा

इथे नवे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून सावकाश वाचा. घरात नववी-दहावीतला खेळाडू असेल तर तुम्हाला हे दुप्पट उपयोगी आहे.

डिव्हिजन वनमध्ये कोच स्कॉलरशिप देऊ करतो आणि मुलगा होकार देतो. इथे कोचच्या हातात पैसे नाहीत. त्याच्या हातात आहे तो प्रवेश विभागाकडे धरलेला शब्द, आणि तोही मोजक्याच मुलांसाठी. क्रम साधारण असा:

अकरावीच्या वर्षात 1 जानेवारीपासून कॉलेज मुलाला कॉलेजच्या खर्चाने भेटीला बोलावू शकतं. स्वतःच्या खर्चाने कुटुंब कधीही जाऊ शकतं.

अकरावी संपल्यावर, नेस्कॅकमध्ये 1 जुलैपासून, ‘प्री-रीड’ सुरू होतो. कोच मुलाचं ट्रान्सक्रिप्ट, परीक्षेचे गुण असतील तर ते आणि बारावीला घेतलेले विषय प्रवेश विभागाला दाखवतो. विभाग वाचून सांगतो की हा अर्ज जमेल की नाही. हा प्रवेश नव्हे, अंदाज आहे. पण याच जुलैमध्ये एएयूच्या (शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या) स्पर्धा आणि अभ्यासू मुलांसाठीचे शोकेस कॅम्प भरतात, म्हणून कोच दिवसा जिममध्ये मुलं बघतात आणि रात्री फायली पाठवतात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोच आपल्या यादीतल्या मुलाला सांगतो: तू अर्ली डिसिजनने अर्ज केलास तर माझा पाठिंबा तुला. अर्ली डिसिजन म्हणजे बांधील अर्ज, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. शेवटची तारीख बहुतेक नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. काही कॉलेजांत जानेवारीत दुसरी फेरी असते, निकाल फेब्रुवारीत.

म्हणून ‘आमचा 2026 चा वर्ग (त्या वर्षी येणारे नवे खेळाडू) कसा आहे’ याचं खरं उत्तर डिसेंबरच्या मध्याआधी मिळत नाही.

पालकांनी कोचशी बोलण्याआधी तयार ठेवायच्या गोष्टी: ट्रान्सक्रिप्ट, बारावीच्या विषयांची यादी, दोन-तीन मिनिटांची खेळाची क्लिप आणि शक्य असेल तर एक पूर्ण सामना (कोच पूर्ण सामना मागतातच), आणि कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा निकाल. मदतीच्या अर्जासाठी पुढे एफएएफएसए हा सरकारी फॉर्म आणि बऱ्याच कॉलेजांत सीएसएस प्रोफाइल हा आणखी एक फॉर्म लागतो. बांधील अर्ज करण्याआधी खर्चाचा आकडा माहीत असलाच पाहिजे. कोच कितीही चांगला असला तरी आर्थिक मदतीचा आकडा तो ठरवत नाही, तेव्हा तो प्रश्न थेट मदत विभागाला विचारा.

९. ‘कमिटेड’ची पोस्ट दिसली की काय करायचं

मुलं एक्सवर आणि इन्स्टाग्रामवर ‘कमिटेड’, म्हणजे कॉलेज ठरलं, असं लिहून कॉलेजच्या जर्सीतला फोटो टाकतात. तो सप्टेंबरमध्ये आला तर अर्ज अजून गेलेलाही नसतो. प्रवेश मिळाल्यावर सहीचा समारंभ होतो, पण डिव्हिजन थ्रीचा तो कागद फक्त आनंदासाठी असतो, त्याने कुणी बांधलं जात नाही. कॉलेजने नाव अधिकृतपणे छापलं की मगच पक्कं माना. बहुतेक वेळा ते थेट पुढच्या शरद ऋतूतल्या रोस्टरवर दिसतं.

शीटचे रकाने: नाव, उंची, शाळा, एएयू संघ, पोस्टची तारीख, बातमी कुणी दिली, अर्ली डिसिजनचा निकाल आला का, रोस्टरवर आलं का. ‘बातमी कुणी दिली’ हा रकाना रिकामा असेल तर ते नाव पुढे पसरवू नका.

शाळेचा रकाना नीट भरा. न्यू इंग्लंडमध्ये बरीच मुलं बारावीनंतर आणखी एक वर्ष प्रेप स्कूलमध्ये काढतात, त्याला पीजी वर्ष म्हणतात. त्यामुळे ‘2025’ चा मुलगा कॉलेजात 2026 ला येतो आणि लोक त्याला दोन यादींत मोजतात. पुढे एनबीएत पोहोचलेला डंकन रॉबिन्सन असंच एक वर्ष फिलिप्स एक्सेटरला काढून विल्यम्सला गेला होता.

आणि कळकळीने सांगतो: सतरा वर्षांच्या मुलाला मेसेज करून ‘आमच्याच कॉलेजात ये’ म्हणू नका. दुसरीकडे गेला तर त्याच्या फोटोखाली काही लिहू नका. कॉलेजला देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तर फार जपावं. रिक्रूटिंगमध्ये कुणी काय करायचं याचे एनसीएएचे नियम आहेत आणि त्रास कॉलेजला होतो. शंका असेल तर अ‍ॅथलेटिक्स विभागात विचारा.

१०. एप्रिलनंतरचं बघायला विसरू नका

मोसम संपला की बदल्या सुरू होतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाडू स्वतःच एक फॉर्म भरून दुसऱ्या डिव्हिजन थ्री कॉलेजशी बोलू शकतो. चार वर्षं पूर्ण करून मास्टर्ससाठी मोठ्या विद्यापीठात जाणारेही आता बरेच आहेत.

यातही कोचकडे लक्ष ठेवा. रॉबिन्सन 2013-14 मध्ये विल्यम्सकडून खेळला, त्या वर्षी संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून 75-73 असा हरला. त्यानंतर कोच माइक मेकर मॅरिस्टला गेले आणि रॉबिन्सन मिशिगनला. 2020 मध्ये तो मायामीकडून एनबीएची अंतिम फेरी खेळला. कोच बदलला की पुढच्या दोन महिन्यांत रोस्टरवरची किमान दोन-तीन नावं धोक्यात आहेत असं धरून चाला, आणि त्याच वेळी नवा कोच आधीच्या कॉलेजच्या यादीतली कोणती मुलं सोबत आणतोय तेही पाहा.

उन्हाळ्यात जुनं रोस्टर साइटवर तसंच राहतं. ऑगस्टमध्ये ते वाचून पुढच्या वर्षाचा संघ ठरवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवी यादी लागते, तेव्हा तुमच्या शीटमधलं एकेक नाव तिच्याशी ताडून बघा, आणि जे नाव सापडत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून पहिल्या घरच्या सामन्याला जा.